खामगावची तार आणि निरोपाचा साचा

खामगाव म्हटलं की आज आपल्याला चांदीचा बाजार आठवतो. दीडशे वर्षांपूर्वी मात्र हे गाव आठवायचं ते कापसासाठी. जलंबपासून खामगावपर्यंत आठ मैलांचा रेल्वेचा फाटा १८७० साली सुरू झाला, आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. बुलढाण्याला ते १९०५ साली जोडलं गेलं. आठ मैलांच्या रुळासाठी व्हाइसरॉयनं इतक्या लांब यावं, असं काय होतं इथं? होता तो वऱ्हाडचा कापूस. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या पऱ्हाटीवर पडली.

रुळाबरोबर तार आली. कापसाच्या गाठी मुंबईला जायला रेल्वे हवी, हे खरं. पण गाठी केव्हा पाठवायच्या, कुठल्या भावानं घ्यायच्या, हे कळायला तार हवी. विलायतेशी तारेचा संबंध इराणच्या आखातातून १८६५ सालीच जुळला होता. वीस शब्दांना सुमारे पाच पौंड पडत, आणि एवढे पैसे मोजूनही निरोप कसा पोचायचा म्हणाल, तर आठवडाभर रखडत आणि मोडक्यातोडक्या स्थितीत. तुर्कस्तानातल्या तारबाबूंना इंग्रजी येत नव्हतं. समोर आलेली अक्षरं ते बिचारे जशी ऐकू येतील तशी उतरवून पुढं ढकलीत. व्यापाऱ्यांनी इतकी ओरड केली, की ब्रिटिश पार्लमेंटला १८६६ साली चौकशी समिती नेमावी लागली. पुढं १८७० साली समुद्राच्या तळातून मुंबईपर्यंत तार आली, तेव्हा कुठं निरोप काही तासांत आणि बऱ्यापैकी शाबूत पोचू लागला.

आता इथं थोडं थांबू या, कारण खरी गंमत पुढंच आहे. निरोप नेणारा आणि निरोप समजणारा, ही दोन वेगळी माणसं आहेत. नेणाऱ्याला निरोपाचा अर्थ कळलाच पाहिजे असं नाही. पण निरोप शाबूत राहिला की नाही, हे त्याला ताडून पाहता आलं पाहिजे. म्हणून तारखात्यानं प्रत्येक तारेला एक डोकं दिलं. तारेचा क्रमांक, निघाल्याचं ठिकाण, एकूण शब्द किती, तारीख आणि वेळ, एवढं आधी पाठवायचं आणि मजकूर नंतर. पलीकडचा तारमास्तर मजकूर उतरवून शब्द मोजायचा. अकरा सांगितले आणि दहाच आले, तर लगेच परत विचारायचा. मजकूर लग्नाचा की मरणाचा, त्याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

व्यापाऱ्यांनी याच्या पुढची पायरी गाठली. शब्दागणिक पैसे, म्हणून त्यांनी संकेतांची पुस्तकं केली. ‘एबीसी’ नावाचं पुस्तक १८७० च्या दशकात निघालं, बेंटलेचं १९०६ साली. एका शब्दात आख्खं वाक्य! दोन्ही टोकांना तेच पुस्तक असलं की काम झालं. मधल्या तारबाबूंच्या हाती फक्त अर्थहीन शब्दांची माळ.

पण माळेतला एक मणी चुकला तर काय होतं, ते अमेरिकेतल्या एका लोकरीच्या व्यापाऱ्याला विचारा. प्रिमरोझ त्याचं नाव. त्यानं १८८७ साली आपल्या अडत्याला तार केली. तीत ‘बे’ असा शब्द होता, त्याचा संकेतार्थ ‘मी माल घेतला आहे’. पोचला तो ‘बाय’, म्हणजे सरळ इंग्रजीत ‘विकत घे’. मोर्सच्या लिपीत ‘ए’ म्हणजे एक टिंब आणि रेघ, ‘यू’ म्हणजे दोन टिंबं आणि रेघ. एका टिंबाचा फरक! अडत्यानं भराभर लोकर घेतली, आणि धन्याला वीस हजार डॉलरांहून अधिक खोट आली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयानं १८९४ साली सांगितलं, की जादा पैसे भरून तार उलट वाचवून घेतली नाहीत, तेव्हा तारेचं शुल्क तेवढं परत मिळेल. शब्दांची संख्या बरोबर होती, शब्दही डिक्शनरीतला होता, तरी अर्थ बुडाला. पुढच्या पुस्तकांत म्हणूनच असे संकेत निवडू लागले, की कोणत्याही दोन शब्दांत निदान दोन अक्षरांचा फरक राहील. एक अक्षर चुकलं तर पुस्तकात नसलेला शब्द तयार होई, आणि चूक आपोआप पकडली जाई.

मला मात्र राहून राहून आठवण येते ती बंडी घेऊन बाजारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याची. लिव्हरपूलचा भाव तारेनं आला. पण तो इंग्रजीत आला, संकेतात आला, आणि व्यापाऱ्याच्या गादीवर आला. पुस्तक दोनच टोकांना होतं, आणि शेतकरी कुठल्याच टोकाला नव्हता. तारेनं भाव लपवला असं मी म्हणणार नाही. पण आधी कोणाला कळवला, हे विसरूनही चालणार नाही.

आपल्या देशातली सरकारी तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण तारेची ती रीत, आधी डोकं आणि मग मजकूर, संगणकांनी जशीच्या तशी उचलली. आज एका कचेरीतला संगणक दुसऱ्या कचेरीतल्या संगणकाला काम सांगतो, तेव्हा निरोप एका पाकिटात घालतो. पाकिटाला वरती मथळा, आत मजकूर. ‘सोप’ नावाची ही रीत. मजकुरात कोणते रकाने हवेत, कुठं आकडा आणि कुठं तारीख, हे ठरवणारा साचा म्हणजे ‘स्कीमा’. तो २००१ साली प्रमाण झाला. आमच्या शाळेतल्या दाखल्यासारखंच हे. जन्मतारखेच्या रकान्यात कोणी गावाचं नाव लिहिलं, तर हेडमास्तर दाखला परत करतात, तसा संगणकही परत करतो.

हे पाकीट बहुधा दारात उभं राहून दिलं जातं. समोरचा घरी असेल तर उत्तर लगेच. दार बंद असेल तर परत फिरायचं. पण ‘जावा मेसेज सर्व्हिस’ नावाची, १९९८ सालापासूनची, दुसरी सोय आहे. तिथं पाकीट मधल्या कचेरीच्या रांगेत ठेवलं जातं. घेणारा झोपलेला असो, त्याची वीज गेलेली असो, पाकीट जपून राहतं आणि तो जागा झाला की त्याला मिळतं. सोपचं पाकीट या रांगेतून कसं न्यायचं, याचे नियम फेब्रुवारी २०१२ मध्ये पक्के झाले. ते वाचताना मला तर जुन्या तारघराचीच आठवण झाली. आत काय प्रकारचा मजकूर आहे ते बाहेरच्या चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठी एक आणि आत भलतंच निघालं, तर घेणाऱ्यानं चूक कळवायची. उत्तर कोणत्या रांगेत टाकायचं तेही सांगून ठेवायचं. जवाबी तार ठाऊक असलेल्यांना ही रीत नवी वाटायची नाही.

एकच अडचण होती. शंभर निरोप एकदम गेले आणि उत्तरं उलटसुलट आली, तर कोणतं उत्तर कोणाचं? त्यावर तोड अशी, की निघालेल्या निरोपाचा क्रमांक उत्तरावर उतरवायचा. खामगावच्या तारमास्तरानं ‘तुमच्या अमुक क्रमांकाच्या तारेस’ असं लिहून काम भागवलं असतं, तेच हे.