लोकोमोटिव, म्हणजे रेल्वेचीच टीम

भुसावळला मे महिन्यात पारा 45 ओलांडतो. इथं बर्फावरच्या हॉकीचं कुणाला काय पडलंय! पण आम्ही रेल्वे क्वार्टरमधली माणसं. 'लोकोमोटिव' नाव दिसलं की कान टवकारणारच.

रशियातल्या यारोस्लाव्हलचा हा क्लब 1959 सालचा, मुळात इंजिन कारखान्याचा. पुढं कित्येक वर्षं नाव 'टॉर्पेडो', 1997चं विजेतेपदही त्याच नावावर. रेल्वेचा आधार मिळाला, 2000 साली पाटी बदलली आणि 2002, 2003 असे लागोपाठ दोनदा रशियाचे विजेते! आपल्या रेल्वेची क्रीडा संघटना 1928ची, पण आपला स्पोर्ट्स कोट्यातला पोरगा सकाळी मैदानावर आणि दुपारी फायलींत. तिकडं खेळणं हीच ड्युटी.

7 सप्टेंबर 2011. मोसमाच्या पहिल्या मॅचसाठी मिन्स्कला निघालेलं टीमचं याक-42 विमान उड्डाण घेतानाच कोसळलं. 45 पैकी 44 गेले. त्यातला खेळाडू गालिमोव्ह तेवढा पाच दिवस झुंजला. उरला एक फ्लाइट इंजिनिअर. त्याच डिसेंबरात पोरसवदा खेळाडू घेऊन खालच्या लीगमधून पुन्हा सुरुवात, 2012ला वर.

वरच्या लीगच्या विजेतेपदाचा गागारिन चषक हाती यायला 2025 उजाडलं. फायनलमध्ये हरवलं चेल्याबिन्स्कच्या 'ट्रॅक्टर'ला. तीही कारखान्याचीच टीम. रावेरच्या केळीवाल्या मित्राला हे सांगितलं, तर तो म्हणतो, ''कितीक एचपीचा व्हता भो?''