खोताच्या गावातला पोरगा

माझी आजी दापोलीकडची, कुळाच्या घरातली. भात झोडून झालं की अर्धेल म्हणजे पिकाचा अर्धा वाटा मोजून, गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताकडे पोचवायचं, वर वेठ निराळी, हे ती सांगायची तेव्हा तिचा आवाज आपोआप खाली यायचा. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती मोडण्याचं विधेयक आणलं; कायदा व्हायला १९४९ उजाडलं. लगेच १९५२ मध्ये श्री. ना. पेंडशांची ‘गारंबीचा बापू’ ही कादंबरी आली. पेंडसे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, हे जग त्यांच्या चांगल्या परिचयाचं.

कादंबरीतल्या बापूचा बाप विठोबा दुबळा, अण्णा खोतापुढे दबलेला. पोराच्या जन्माबद्दल गाव कुजबुजतं. घरात आधार नाही म्हणून बापू बाहेर शोधतो: दिनकरभाऊजींपाशी, राधेच्या हॉटेलात. आणि शेवटी सुपारीच्या धंद्यात स्वतःच्या हिमतीवर उभा राहतो. पोफळीची बाग कुणाची, शिंपणं कुणी करायचं, माल कुणाच्या हाती जायचा, यावर गावाची उतरंड ठरायची. बापूने नेमका तिथेच हात घातला.

पुढे रंगभूमीवर काशिनाथ घाणेकरांनी बापू गाजवला. लोकांच्या मनात राहिला तो राधेचा बंडखोर बापू. मला मात्र त्याआधीचा, कुणाच्याही दारात मान न झुकवणारा पोरगा जास्त जवळचा वाटतो.