चाळीसगावचा टांगा आणि पळून आलेली पोरं

ऑक्टोबर १९२९. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. धुळे लाईनवरच्या एका गावात आपल्या लोकांवर बहिष्कार पडला होता. त्याची माहिती घेऊन ते चाळीसगावला परतले. स्टेशनवर लोक हार घेऊन उभे. रात्रीचा मुक्काम आमच्या वस्तीत करायचा, हा त्यांचा हट्ट बाबासाहेबांनी आधीच मान्य केला होता.

पुढचं त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवलंय. टांगे होते, पण अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला कुणी तयार होईना. पाहुण्याने पायी जावं हे लोकांना पटेना. तासभर घासाघीस होऊन तोड निघाली: टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा. आपल्यातला एक जण बसला. त्याने टांगा कधी हाकलेलाच नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं. घोडा टांग्यासकट नदीत.

ही गोष्ट आपण भाषणात सांगतो ती टांगेवाल्याची जात काढण्यासाठी. ते बरोबरच आहे. पण बाबासाहेबांनी तिथे आपल्या माणसांचीही चूक नोंदवली आहे: मान राखण्याच्या नादात पाहुण्याच्या जिवाची काळजी राहून गेली. हा भाग आपण गाळतो.

आज तो आठवायचं कारण वेगळं आहे. जानेवारी २०२५ मध्ये जळगाव शहरात प्रेमविवाह केलेल्या तरुणाला सासरच्यांनी मारलं. एप्रिलमध्ये चोपड्यात भर हळदीत बापाने मुलीला गोळी घातली, जावई जखमी झाला. लग्न होऊन वर्षं उलटली तरी राग जिवंत राहतो. अशी जोडपी पळतात तेव्हा रात्री-अपरात्री दार वाजवतात ते बहुधा आपल्याच वस्तीत. जेवण मिळतं, अंथरूण मिळतं, कार्यकर्ते जागतात. याचा मला अभिमान आहे. पण हा चाळीसगावचा टांगा आहे. मन मोठं, हात नवखा.

काय होतं बघा. मुलीच्या घरचे अपहरणाची तक्रार देतात, पोलीस वस्तीत शिरतात, मागून गाड्या येतात. मुलगी सज्ञान असल्याचा दाखला कुणी घेतलेला नसतो, तिचा लेखी जबाब कुणी दिलेला नसतो. ती अठराच्या आतली निघाली तर ठेवून घेणाराच अडकतो. तिच्यासाठी १०९८ आणि बालकल्याण समिती, दुसरा रस्ता नाही. आणि विशेष विवाह कायद्याने नोंदणी करायची तर नोटीस लागून तीस दिवस थांबावं लागतं. त्या नोटिशीवर दोघांची नावं-पत्ते असतात. ते तीस दिवस काढायचे कुठे?

बाबासाहेबांनी आसऱ्याचा प्रश्न नुसत्या मायेवर सोडला नव्हता. गावात शिकता येत नाही, शहरात कुणी खोली देत नाही, अशा पोरांसाठी १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढलं. आधी समाजाने उभं केलं. मग सरकारकडे मागणी. मार्च १९३० मध्ये स्टार्ट समितीचा अहवाल आला, त्यात वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्यांची शिफारस होती. म्हणजे मोडलेला पाय घेऊन खानदेशातून गेलेल्या माणसाने सरकारी तिजोरीतून छप्पर मागितलं. आजचं सरकारी वसतिगृह हे त्या मागणीच्या वंशातलं आहे (गळकं असलं तरी).

सुरक्षागृहाचंही तसंच व्हायला हवं, आणि इथे तर मागणीही नवी नाही. ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी सांगितलंय: अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सुरक्षागृहाचा विचार करा, लग्न झालेली आणि व्हायची असलेली, दोन्ही जोडपी त्यात बसतात, देखरेख जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांची, जिल्ह्यात विशेष कक्ष, चोवीस तास हेल्पलाईन. आपल्या गृह विभागाचं परिपत्रक निघालं डिसेंबर २०२४ मध्ये. सहा वर्षं उलटून गेली होती.

‘जातिसंहार’ लिहून १९३६ मध्ये बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाहाला जातीवरचा खरा इलाज म्हटलं. इलाज करून घ्यायला निघालेल्या पोरांना खाट कोण देणार, हे आपण विचारलंच नाही. पुतळ्याच्या जागेसाठी कलेक्टर कचेरीवर आपले किती मोर्चे गेले, आणि यासाठी किती?

जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांत माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. सुरक्षागृह कोणत्या इमारतीत, खाटा किती, रात्री पहारा कुणाचा, विशेष कक्षाचा नंबर काय, महिला पोलीस आहे का. पत्ता गुप्त ठेवतो म्हणाले तर ठेवू द्या, बाकीची उत्तरं घ्या. प्रत्येक तालुक्यात दोन मुलगे, दोन मुली एका वकिलाकडे बसून जबाब कसा लिहायचा, संरक्षणाचा अर्ज कसा द्यायचा हे शिकून घ्या.

३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण जमतोच. १९३७ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले होते. पुस्तकांच्या, फोटोंच्या दुकानांशेजारी यंदा एक टेबल लावू: कोरे अर्ज, विशेष कक्षाचा नंबर, आणि शिकलेली दोन माणसं बसलेली.