एएलएस : निदानानंतरचे आयुष्य किती?

कोलकाता : अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरॉसिस, अर्थात एएलएसचे निदान झाले की कुटुंबीयांचा पहिला प्रश्न असतो तो उरलेल्या काळाचा. एसएसकेएम रुग्णालयाशी संलग्न बांगूर इन्स्टिट्यूट ऑफ न्यूरोसायन्सेससारख्या कोलकात्यातील संस्थांमध्ये पूर्व भारतातून येणाऱ्या मज्जाविकाराच्या रुग्णांत या आजाराचेही रुग्ण असतात. त्याआधी हातातील पकड सैल झाली म्हणून हाडांच्या किंवा मणक्याच्या डॉक्टरांकडे काही महिने गेलेले असणे, हे या आजारात जगभर आढळते.

मेंदू व मज्जारज्जूतील ज्या चेतापेशी स्नायूंना हालचालीचे आदेश देतात, त्या एएलएसमध्ये हळूहळू नष्ट होतात. हातपाय, वाणी, गिळणे आणि अखेरीस श्वसन दुर्बल होते. बहुतेक मृत्यू श्वसनस्नायू निकामी झाल्याने होतात. आजार पूर्ण बरा करणारे औषध अद्याप नाही.

लक्षणे सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षे, असे आयुर्मान वैद्यकीय ग्रंथांत सर्वसाधारणपणे दिले जाते. मात्र हा समूहाचा आकडा आहे, एका रुग्णाचे भाकीत नव्हे. सुमारे दहा टक्के रुग्ण दहा वर्षांहून अधिक जगतात. अमेरिकी बेसबॉलपटू लू गेहरिग यांचे निदान जून १९३९ मध्ये झाले आणि जून १९४१ मध्ये ते निवर्तले. स्टीफन हॉकिंग यांचे निदान १९६३ मध्ये, एकविसाव्या वर्षी झाले. जानेवारी २००१ मध्ये ते मुंबईतील भौतिकशास्त्र परिषदेला आले होते आणि २०१८ मध्ये ७६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हॉकिंग हा अपवाद होता, हे मात्र विसरता येत नाही.

भारतीय चित्र थोडे निराळे दिसते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने तीस वर्षांतील १,१५३ रुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात लक्षणे सुरू होण्याचे सरासरी वय सुमारे ४६ वर्षे, म्हणजे पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत बरेच कमी आढळले. आणि आयुर्मानाचा मध्यक नऊ वर्षांहून अधिक निघाला. हा आकडा जपून वाचावा लागतो. तो एका रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्या रुग्णांचा आहे आणि कमी वयात सुरू झालेला आजार एरवीही संथ चालतो.

वयाशिवाय आणखी काही खुणा तज्ज्ञ पाहतात. बोलणे-गिळणे आधी बिघडले तर वाटचाल सहसा वेगवान असते. हातापायांपासून सुरुवात झाली तर तुलनेने मंद. वजन झपाट्याने घटणे आणि फुफ्फुसांची क्षमता लवकर खालावणे ही प्रतिकूल लक्षणे होत. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत बराच काळ लोटला असेल, तर आजार संथ असण्याची शक्यता अधिक, हे ऐकायला विपरीत वाटले तरी खरे आहे.

रिलुझोल हे औषध अमेरिकेत १९९५ मध्ये मान्य झाले. चाचण्यांत त्याने आयुष्य सुमारे दोन-तीन महिन्यांनी वाढवले. टोफरसन हे २०२३ मध्ये तेथे मान्य झालेले औषध एसओडी१ या जनुकातील दोष असलेल्या मोजक्या रुग्णांपुरतेच आहे. त्या तुलनेत मास्कद्वारे श्वास देणाऱ्या बायपॅप यंत्राचा लाभ लक्षणीय ठरला. ब्रिटनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बोलणे-गिळणे फारसे न बिघडलेल्या रुग्णांत आयुर्मानाचा मध्यक सुमारे सात महिन्यांनी वाढला. म्हणूनच श्वसनाची तपासणी धाप लागण्याची वाट न पाहता नियमित करावी आणि पोटातील आहारनळीचा निर्णयही फुफ्फुसे फार दुबळी होण्याआधी घ्यावा, असे तज्ज्ञ सुचवतात.

गळ्याला छिद्र पाडून व्हेंटिलेटर लावल्यास आयुष्य काही वर्षे लांबू शकते, पण घरात चोवीस तास देखभाल लागते. तो हवा की नको, हे रुग्णाने स्वतः ठरवायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी उपचारांविषयीच्या आगाऊ इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. रुग्णाचा हात सही करू शकतो आणि बोलणे समजते, तोवरच हे काम सहज होते.