नाव आहे, गाव नाही : नेटब्यूईची कहाणी

१/ १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकी संरक्षण खात्याच्या अर्पानेट या जाळ्याने जुना प्रोटोकॉल सोडून टीसीपी/आयपी स्वीकारला. त्याच सुमारास सायटेक ही अमेरिकी कंपनी आयबीएमसाठी नेटबायॉस घडवत होती. एकाच काळातील दोन रचना. एक जगभर पसरली, दुसरी राउटरच्या उंबरठ्यावर अडली. असे का झाले?

२/ नेटबायॉसपुढचे काम मर्यादित होते : एका कार्यालयातील संगणकांनी फायली व प्रिंटर वाटून वापरावेत. त्यासाठी प्रत्येक संगणकाला १६ अक्षरांचे नाव पुरे होते. नवा संगणक सुरू झाला की सगळ्या जाळ्यात पुकारा करी : हे नाव कुणाचे आहे काय? कुणी हरकत घेतली नाही, तर नाव त्याचे. पत्ते वाटणारा कुणी लागतच नसे. १९८५ मध्ये आयबीएमच्या टोकन रिंग जाळ्यासोबत आलेला नेटब्यूई हीच नावे घेऊन वावरे. तो आटोपशीर होता, वेगवान होता. ६४० किलोबाइट मेमरीत संसार करणाऱ्या डॉस संगणकांना चांगलाच मानवला.

३/ अडचण आली ती दोन जाळी जोडताना. आयपी पत्त्याचे दोन भाग असतात : जाळ्याचा क्रमांक आणि त्यातील यंत्राचा क्रमांक. वाटेतला राउटर केवळ पहिला भाग पाहून पाकीट पुढे धाडतो. टपाल खातेही आधी गाव पाहते, घर नंतर. नेटब्यूईच्या पाकिटावर नाव होते, गाव नव्हते. राउटरने ते धाडायचे कुठे? ब्रिज लावून जाळी जोडता येत. पण मग एका खोलीतला पुकारा प्रत्येक खोलीत घुमे, आणि संगणक वाढतील तसा गोंगाट वाढे.

४/ याला निर्मात्यांची चूक म्हणणे अन्यायाचे ठरेल. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडलेला प्रश्नच निराळा होता : परस्परांहून भिन्न जाळी जोडायची कशी? २२ नोव्हेंबर १९७७ रोजी कॅलिफोर्नियातील एका धावत्या व्हॅनमधून निघालेली माहिती रेडिओ, उपग्रह आणि अर्पानेट अशा तीन जाळ्यांतून गेली. तिथे गावाविना चालणारच नव्हते.

५/ राउटेबल असणे म्हणजे इंटरनेटचे असणे, असेही नव्हे. नोवेलच्या आयपीएक्समध्येही जाळ्याचा क्रमांक होता. तो राउटर सहज ओलांडी.

६/ मार्च १९८७ मध्ये आरएफसी १००१ व १००२ या दस्तऐवजांनी नेटबायॉसची नावे टीसीपी/आयपीवर चालवण्याची रीत ठरवली. नाव जुने, वाहन नवे. नेटब्यूई मात्र मागे पडत गेला. २००१ च्या विंडोज एक्सपीने त्याचा अधिकृत आधार काढला. तो सीडीच्या एका कोपऱ्यातील फोल्डरमध्ये तेवढा उरला. विंडोज संगणकाचे नाव लांबलचक ठेवले, तर त्याचे नेटबायॉस नाव आजही १५ अक्षरांवर छाटले जाते. सोळावी जागा सेवेच्या प्रकारासाठी राखलेली आहे.