रेडिओ अ‍ॅम्प्लिफायर : घरगुती बांधणी आणि चेसिस

हौशी रेडिओ-प्रेषकातून निघणारी काही वॅटपासून शंभर वॅटपर्यंतची रेडिओ-शक्ती वाढवून अँटेनाकडे पाठवणारे, परवानाधारकाने स्वतःच्या हाताने बांधलेले उपकरण. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी, त्याला नुसते ‘लिनिअर’ म्हणतात. लाउडस्पीकरला जोडायचा ध्वनी-अ‍ॅम्प्लिफायर हा वेगळा विषय असून त्याचा विचार या नोंदीत नाही. लिनिअरची विद्युत-आकृती एका पानात मावते आणि व्हॉल्व्हच्या बाबतीत ती गेल्या साठ-सत्तर वर्षांत फारशी बदललेली नाही. बांधणाऱ्याचा कस लागतो तो पत्र्यात. अशा अ‍ॅम्प्लिफायरचे चेसिस एकाच वेळी अर्थिंग, आडोसा, हवेचा बोगदा आणि माणूस व काही हजार व्होल्ट यांच्यामधली भिंत असते. त्यामुळे पत्रेकामात राहिलेली चूक बहुधा विद्युत-दोष म्हणूनच पुढे येते.

शक्ती वाढवून मिळते किती, हे आधी पाहावे. १०० वॅटचे ४०० वॅट केले तर वाढ ६ डेसिबेलची होते, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मीटरवर जेमतेम एक ‘एस’ अंश. १,००० वॅट केले तर १० डेसिबेल. चांगली अँटेना यातला बराच वाटा कमी खर्चात देते आणि ऐकतानाही उपयोगी पडते. ‘आधी अँटेना, मग लिनिअर’ हा जुन्या हॅमांचा सल्ला म्हणूनच हिशेबी आहे. तो मानूनही लोक लिनिअर बांधतात, कारण बांधण्याचा आनंद डेसिबेलमध्ये मोजता येत नाही.

लिनिअर हे नाव कामावरून पडले. मोर्सच्या कळीला किंवा प्लेट-मॉड्युलेशनच्या एएम प्रेषकाला शेवटचा टप्पा ‘क’ वर्गात चालवून चालत असे. त्यात कार्यक्षमता जास्त असते आणि तरंगाचा आकार बिघडला तरी बिघडत नाही. १९५० च्या दशकात एसएसबी (एकाच बाजूपट्ट्यावरचे आवाज-प्रेषण) पसरली, तेव्हा आवाजाचा चढउतार जसाच्या तसा मोठा करणे भाग पडले. मग ‘अब’ किंवा ‘ब’ वर्गात चालणारे टप्पे आले. आत येणारे संकेत आणि बाहेर जाणारे संकेत यांचे प्रमाण सुटले, की शेजारच्या कंप्रतांवर चरचर पसरते आणि पट्ट्यावरचे इतर लोक नाव घेऊन तक्रार करतात.

१९२० च्या दशकातले हौशी लोक आपली मंडळे खरोखरच लाकडी फळीवर, कधी स्वयंपाकघरातल्या पाव कापायच्या पाटावर, स्क्रूने बसवत. हात जवळ नेला की कंप्रता सरके, एका कॉइलचे क्षेत्र दुसरीत घुसून मंडळ आपणहून शीळ घाले. ट्रान्सफॉर्मर जड होत गेले तशी फळी मागे पडली आणि धातूचे चेसिस रूढ झाले. अमेरिकन रेडिओ रिले लीगची हँडबुक १९२६ पासून निघू लागली. कित्येक पिढ्या पत्रा कापायला त्या पुस्तकातूनच शिकल्या. व्हॉल्व्हच्या बाजूने पाहिले तर विल्यम आयटेल आणि जॅक मॅकलॉ या दोन हौशी रेडिओवाल्यांनी १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेल्या कंपनीचे ‘आयमॅक’ व्हॉल्व्ह प्रमाण ठरले. सामान्य माणसाच्या हाती मात्र आला तो आरसीएचा ८०७. ६एल६ चाच हा भाऊ. प्लेटची जोडणी फक्त डोक्यावर नेलेली. दुसऱ्या महायुद्धात तो अफाट संख्येने बनला आणि नंतर लष्कराच्या टाकाऊ मालात स्वस्तात मिळू लागला. अमेरिकन हॅमांच्या बोलीत बिअरच्या बाटलीलाही ‘८०७’ म्हणतात, इतका तो घरचा झाला. पुढे ८११ए, ८१३, ५७२बी, ३-५००झेड हे व्हॉल्व्ह घरगुती बांधणीत स्थिरावले. सोव्हिएत संघ फुटल्यावर जीआय-७बी आणि जीयू-७४बी हे रशियन लष्करी व्हॉल्व्हही पश्चिमेच्या बाजारात आले.

बहुतेक घरगुती लिनिअरमध्ये ग्रिड चेसिसला जोडतात आणि संकेत कॅथोडकडून आत देतात. ग्रिड मग आतल्या आणि बाहेरच्या बाजूंमधला पडदा होते, आणि चालना देणारी शक्तीही बव्हंशी वाया न जाता अँटेनाकडे जाते. अट एवढीच, की ग्रिड खरोखर चेसिसच्या पातळीला असली पाहिजे. ३-५००झेडला ग्रिडच्या तीन पिना असतात. त्या तिन्ही सॉकेटखालीच, रुंद पट्टीने, जवळच्या स्क्रूला जोडायच्या. तारेचे प्रेरकत्व ढोबळमानाने दर मिलिमीटरला एक नॅनोहेन्री धरतात. म्हणजे पाच सेंटिमीटरची ‘अर्थची तार’ ३० मेगाहर्ट्झला नऊएक ओहम आणि १५० मेगाहर्ट्झला पन्नासच्या आसपास अडथळा करते. तेवढ्यात ग्रिड अधांतरी होते आणि व्हॉल्व्ह भलत्याच उच्च कंप्रतेवर स्वतःच आंदोलने करू लागतो. त्याला लगाम म्हणून प्लेटच्या जोडणीत कार्बनच्या रोधकावर जाड तारेचे दोन-चार वेढे घालतात. तारगुंडाळीचा रोधक इथे चालत नाही, कारण तो स्वतःच एक कॉइल असतो.

बाहेर जाण्याच्या बाजूला ‘पाय’ (π) जाळे असते: प्लेटकडे एक बदलता कॅपॅसिटर, अँटेनाकडे दुसरा, मध्ये कॉइल. २,५०० व्होल्ट आणि ४०० मिलिअँपिअरवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला साधारण ३,५०० ते ४,००० ओहमचा भार हवा असतो. जाळे तो केबलच्या ५० ओहमवर आणते. या जाळ्याच्या अँटेनाकडच्या टोकाला जाणती माणसे २.५ मिलिहेन्रीचा एक चोक जमिनीला जोडतात. रेडिओ-कंप्रतेला तो दिसतही नाही. पण प्लेटचा व्होल्टेज अडवणारा कॅपॅसिटर कधी फुटला, तर ते हजारो व्होल्ट अँटेनाच्या तारेवर न जाता या चोकमधून चेसिसमध्ये उतरतात आणि फ्यूज उडतो. इतक्या स्वस्त भागाकडून इतके मोठे काम या पेटीत दुसरीकडे कुठे होत नाही.

चेसिससाठी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घेतात, बहुधा १६ गेजचा, म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीचा. ही जाडी लागते ती केवळ ताकदीसाठी. ३० मेगाहर्ट्झचा प्रवाह पृष्ठभागाच्या आत साधारण ०.०१५ मिलिमीटरच शिरतो, म्हणून विजेच्या दृष्टीने कातडीच महत्त्वाची. रंग आणि अ‍ॅनोडाइझ केलेला थर दोन्ही वीजरोधक असतात. जिथे दोन पत्रे भेटतात तिथे ते खरवडून काढावेच लागतात. लोखंडी पत्रा रेडिओ-विभागात टाळतात, कारण कॉइलजवळ तो शक्ती खातो आणि तापतो. वीजपुरवठ्याची वेगळी पेटी मात्र लोखंडाचीच बरी, कारण तिथला ट्रान्सफॉर्मर वीसएक किलोपर्यंत जातो. कॉइल आणि भिंत यांच्यात निदान कॉइलच्या व्यासाइतके अंतर ठेवतात. पेटीचे माप कागदावर ठरते ते यातूनच. हव्या त्या मापाची पेटी आधी आणून मग भाग कोंबणाऱ्याला पुढे एकेक कंप्रता-पट्टा सोडून द्यावा लागतो.

आखणी कागदावर करून तो कागद पत्र्याला चिकटवणे सगळ्यांत सोपे. पत्र्यावर ओरखडे उठत नाहीत आणि सेंटर पंचची खूण नेमकी बसते. मग तीन मिलिमीटरचे भोक आणि त्यावरून मोठे. पातळ पत्र्यात साधे ड्रिल दगा देते: टोक पार होताच पाती पत्रा ओढून घेतात आणि भोक गोल न पडता तिकोनी पडते. पत्रा दोन लाकडी फळ्यांमध्ये घट्ट आवळून भोक पाडले की हा त्रास जातो. पायऱ्यांचे ड्रिल त्याहून बरे. अ‍ॅल्युमिनियम पात्यांना चिकटते, त्यावर रॉकेलचे थेंब हा जुना उपाय आहे. कानशीच्या दात्यांतही ते रुतून बसते आणि पुढच्या घासेला पत्र्यावर खोल चर काढते; कानशीवर आधी खडू घासून घेतला तर कण दात्यांत अडकत नाहीत. ऑक्टल सॉकेटची २९ मिलिमीटरच्या आसपासची भोके चेसिस-पंचने पाडतात. दोन भागांतला हा पंच मधल्या बोल्टने आवळत गेले की पत्रा स्वच्छ कापून काढतो. पंच नसेल तर वर्तुळावर ओळीने लहान भोके पाडायची, मधला तुकडा ठोकून काढायचा आणि अर्धगोल कानशीने कड साफ करायची. वेळ बराच जातो, पण मोठ्या व्हॉल्व्हच्या सॉकेटला बहुतेकांनी हाच मार्ग धरला.

वाकवणे हे त्याहून नाजूक काम. पत्रा दोन लोखंडी अँगलमध्ये धरून, बेंच-व्हाइसमध्ये आवळून, वर लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर हातोडी मारतात. हातोडी थेट पत्र्यावर पडली तर प्रत्येक घाव दिसत राहतो. दर काटकोनाला जाडीच्या साधारण दीड पट माप वजा करावे लागते. हे विसरले की चारही बाजू वळल्यावर झाकण बसत नाही. दोन वळणे जिथे भेटतात त्या कोपऱ्यात आधीच एक लहान भोक पाडून ठेवतात, म्हणजे ताण तिथे विरतो आणि चीर जात नाही. पत्र्याचा प्रकारही पाहावा: ५०५२ सारखे मिश्रधातू मुकाट वळतात, कडक केलेला ६०६१-टी६ वळणावरच तडकतो. कागदावर नीट माप काढून पत्रा फॅब्रिकेशनवाल्याकडून मशीनवर वाकवून घेण्यात कमीपणा काही नाही; भोके मात्र वळवण्यापूर्वी पाडलेली असावीत.

चेसिसची खालची बाजू बंद करून तीत ब्लोअरने हवा भरतात. तिला बाहेर पडायला व्हॉल्व्हच्या सॉकेटखेरीज वाट ठेवायची नाही. मग ती पिनांवरून, काचेच्या चिमणीतून, प्लेटच्या टोपीपर्यंत जाते. व्हॉल्व्ह मरतो तो बहुधा काच आणि धातू जुळतात त्या सांध्यांवर, म्हणून गार राहायला हवे तिथेच. एखादे विसरलेले स्क्रूचे भोक ही हवा पळवून नेते. वरच्या झाकणात हवेसाठी लांब फट ठेवू नये, ती अँटेनासारखी वागते. लहान लहान अनेक गोल भोके हवा सोडतात आणि रेडिओ-लहरी अडवतात. झाकणाचे स्क्रू जवळजवळ असावेत, हेही त्याच कारणासाठी.

धोका प्लेटच्या वीजपुरवठ्यात आहे आणि त्यावर अवाक्षरही कमी करता येत नाही. २५० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे आठ कॅपॅसिटर एकापुढे एक जोडले तर ३१ मायक्रोफॅरड होतात. २,५०० व्होल्टला त्यांत सुमारे १०० जूल ऊर्जा साठते, माणसाचा जीव घ्यायला पुरेशी. प्रत्येकावर १ लाख ओहमचा रोधक ठेवला तरी वीज बंद केल्यानंतर एका मिनिटाने दोनशेच्या वर व्होल्ट शिल्लक असतात. म्हणून झाकण उघडताच पुरवठा तोडणारे इंटरलॉक स्विच, मीटर शून्यावर आल्याची खात्री, आणि त्यानंतरही चेसिसला पक्क्या जोडलेल्या अर्थिंगच्या काठीने स्पर्श, हा क्रम मोडायचा नसतो. मायक्रोवेव्ह ओव्हनमधला ट्रान्सफॉर्मर फुकट मिळतो म्हणून अनेकांना मोह होतो, पण त्याच्या दुय्यम वेढ्याचे एक टोक गाभ्यालाच जोडलेले असते. काही सिरॅमिक व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टरांत बेरिलियम ऑक्साइड असते. त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असल्याने असे भाग घासू किंवा फोडू नयेत. पहिली चाचणी डिमरस्टॅटवर व्होल्टेज हळूहळू चढवत आणि अँटेनाऐवजी डमी लोडवर घेतात.

ट्रान्झिस्टरांनी पत्रेकामाचे स्वरूप पालटले. मोटोरोलाचे हेल्गे ग्रॅनबर्ग यांच्या ‘ईबी-१०४’ या टिपणाने चार मॉसफेटमधून ६०० वॅट काढून दाखवले, आणि आज ५० व्होल्टवर चालणारा एकच एलडीमॉस एक किलोवॅटच्या वर देतो. उच्च व्होल्टेज गेले, उष्णता मात्र राहिली: हजार वॅट बाहेर काढताना सहाएकशे वॅट बोटभर जागेत तापतात. ती पसरवायला सेंटिमीटरभर जाडीचा तांब्याचा ठोकळा लागतो, आणि त्याचा पृष्ठभाग इतका सपाट हवा की ट्रान्झिस्टर त्यावर सोल्डर करता यावा. कानस बाजूला पडली, मिलिंग मशीन आले.

कायदा देशोदेशी वेगळा असून शक्तीची मर्यादा परवान्यावर ठरते. अमेरिकेत सीबी (सर्वसामान्यांसाठीचा रेडिओ-पट्टा) वापरणाऱ्यांनी लिनिअर लावायला सुरुवात केली, तेव्हा तिथल्या एफसीसी या दूरसंचार-नियामकाने १९७८ मध्ये १० मीटर पट्ट्यावर चालणारे तयार अ‍ॅम्प्लिफायर विकण्यावर बंदी घातली. स्वतःपुरता बांधणाऱ्या हौशी परवानाधारकाला मात्र मुभा राहिली.

भारतात बांधणाऱ्याची सामग्री पूर्वी बरीचशी डिस्पोजलच्या, म्हणजे टाकाऊ ठरवून विकलेल्या, मालातून येई. मुंबईत त्यासाठी लॅमिंग्टन रोड, म्हणजे आताचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यात पासोड्या विठोबाचा परिसर हे आजही इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचे बाजार आहेत. अलीकडची सर्वांत पसरलेली भारतीय रचना लहान शक्तीची आहे: हैदराबादचे अश्हर फरहान यांनी २००३ मध्ये मांडलेला बिटएक्स-२०. त्याच्या कॉइली नळाच्या वॉशरवर गुंडाळता येतात आणि शेवटच्या टप्प्यात आयआरएफ-५१० हा स्विचिंगसाठी बनवलेला स्वस्त मॉसफेट सहाएक वॅट देतो. या मॉसफेटची धातूची पाठ ड्रेनला जोडलेली असते. म्हणून ती आणि चेसिस यांच्यामध्ये अभ्रकाची चकती घालावी लागते आणि स्क्रूला वीजरोधक बुश. ती चकती स्वतःच एक छोटा कॅपॅसिटर बनते, आणि ड्रेनवरची थोडी रेडिओ-शक्ती तिच्यातून चेसिसमध्ये झिरपते.