सात कवी आणि एक टपाल

माळव्यातील मराठी माणसाचा इतिहास म्हटला की शिंदे-होळकर, पवार यांच्यापाशी सुरुवात होते आणि तेथेच तो संपतो. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी उज्जैनीहून ग्वाल्हेरला नेली, त्यानंतर येथील मराठी घरांत सांगण्यासारखे काही घडलेच नाही, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत आहे. परंतु शाळेत हिंदी आणि माजघरात मराठी बोलणाऱ्या दोन तरुणांनी याच नगरीत राहून, गावोगावच्या मित्रांशी टपालाने संधान बांधून, एका महत्त्वाच्या ग्रंथाला हातभार लावला. आपल्यासारख्या दुभाषिक जिल्ह्यांतील कुटुंबांना ही हकीकत ठाऊक असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

ग्रंथाचे नाव ‘तार सप्तक’, प्रकाशनाचे साल १९४३, संपादक ‘अज्ञेय’. आधुनिक हिंदी कवितेतील प्रयोगाचे युग या संग्रहापासून मोजतात. त्यातील सातांपैकी दोघे मराठी. गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १९१७ साली श्योपूरचा, वडील ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात. प्रभाकर माचवे यांचाही जन्म त्याच वर्षीचा, ग्वाल्हेरचा. ते १९३८ ते १९४८ या काळात उज्जैनच्या माधव महाविद्यालयात अध्यापक होते. नेमिचंद्र जैन हे उज्जैन-भोपाळ लोहमार्गावरील शुजालपूरच्या शारदा शिक्षा सदनात शिकवीत. मुक्तिबोधही काही काळ तेथेच शिक्षक होते आणि १९४२च्या सुमारास उज्जैनीस परतले. गिरिजाकुमार माथुर अशोकनगरचे. भारतभूषण अग्रवाल, रामविलास शर्मा आणि स्वतः अज्ञेय हे मात्र दूरदूरच्या शहरांत. सातही जण एका ठिकाणी बसून काम करण्याचा संभव नव्हता. जे काही जमायचे ते पोस्टमनच्या पिशवीतूनच.

दिल्लीच्या लेखक संमेलनाच्या निमित्ताने काही उत्साही मित्रांच्या मनात विचार आला, की प्रत्येकाने वेगळे लहानसे पुस्तक काढण्याऐवजी एकच संयुक्त संग्रह काढावा. योजना सहकाराची होती. सहभागी होणारा प्रत्येक कवी पुस्तकाचा भागीदार. वर्गणी काढून कागदाची किंमत भागवायची आणि छपाईसाठी एखाद्या छापखान्याला थोडे थांबण्याची गळ घालायची. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते, कागद दुर्मिळ होता. मास्तरकी करून पोट भरणाऱ्या तरुणांची ही आखणी वाचताना मला आपल्याकडील भिशीची आठवण होते.

प्रत्येकाने आपल्या निवडक कविता, आपला परिचय आणि कवितेविषयीचे एक ‘वक्तव्य’ द्यावयाचे होते. अशा सामुदायिक पत्रव्यवहारात मुख्य अडचण असते ती वेळेवर उत्तर न येण्याची. एकाचे पान अडले की सर्वांचे पुस्तक अडते. म्हणून सर्व धागे एका हाती असावे लागतात आणि त्या माणसाला स्मरणपत्रे धाडण्याचा कंटाळा येऊन चालत नाही. ते काम अज्ञेयांनी केले. विशेष असे, की हे सात जण एका पंथाचे नव्हते. राजकारण, समाज, छंद, कोणत्याही विषयावर त्यांचे एकमत नाही, हे संपादकाने प्रस्तावनेत मोकळेपणाने नोंदवले आहे. मतभेद राखूनही मैत्री आणि काम चालू राहिले, याचे श्रेय मी टपालाला देतो. समोरासमोर शब्दाने शब्द वाढतो. पत्रात माणूस वाक्य पुरे करण्यापूर्वी थोडा थांबतो.

पुढे ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा त्यात कवींनी नवी टिपणे जोडली. त्यांना नाव दिले ‘पुनश्च’. वीस वर्षांपूर्वीच्या पत्राला जणू ताजा कलम! ११ सप्टेंबर १९६४ रोजी मुक्तिबोध दिल्लीत निवर्तले. त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह त्यांच्या मृत्यूनंतर निघाला. उज्जैन, बनारस, जबलपूर, नागपूर, राजनांदगाव असे बिऱ्हाड हलत राहिले, तरी नेमिचंद्रांशी पत्रे चालू होती. ती १९८४ साली ‘पाया पत्र तुम्हारा’ या नावाने पुस्तकरूपाने आली. नोकरीची ओढाताण, आजारपणे, पैशाची चणचण, अर्धवट राहिलेल्या कविता, हे सारे आज आपल्याला कळते, कारण कोणीतरी ती पत्रे जपून ठेवली.

याच घरातील धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले. ‘नवी मळवाट’ हा त्यांचा काव्यसंग्रह आणि ‘क्षिप्रा’ ही कादंबरी, जिचे नावच आमच्या नदीचे. थोरल्याने हिंदी जवळ केली, धाकट्याने मराठी. आणि दोन्ही भाषांनी त्यांना आपले मानले. ‘आपली मुले कोणत्या भाषेची?’ या प्रश्नाने सीमेवरच्या घरांत आजही वाद होतात. त्या वादात हे एक घर मला नेहमी आठवते.

मी नानाखेड्यात राहतो. येथील जुन्या मराठी घरांत एके काळी तारेत ओवलेली पत्रांची चळत खुंटीला टांगलेली असे. मजकूर पुष्कळदा मिश्र: मायना मराठी, मधला व्यवहार हिंदी, शेवटी पुन्हा ‘कळावे, लोभ असावा’. दुभाषिक जिल्ह्यातील आपले जगणे नेमके कसे होते, हे सांगणारा याहून खरा दस्तऐवज नाही. वाडे पडतात, वाटण्या होतात, दिवाळीच्या झाडलोटीत या चळती रद्दीत जातात. नववी-दहावीच्या मुलांना मी निबंधाऐवजी एक काम देतो: घरातील एक जुने पत्र आजी-आजोबांकडून वाचून घ्यायचे, त्यातील माणसे, गावे आणि तारीख वहीत उतरवायची. पुष्कळांना आपले गोत्र ठाऊक असते, पण पणजोबा कोणत्या गावाहून, कोणत्या साली, कशासाठी इकडे आले, हे त्या पत्रामुळे पहिल्यांदा कळते.

यंदाच्या झाडलोटीत अशी तार हाती लागली, तर वाचकहो, ती रद्दीवाल्याला देऊ नका. पत्रे तारखेप्रमाणे लावा, कोरड्या जागी ठेवा आणि घरात अजून ज्यांना ते अक्षर लागते, त्यांच्याकडून या दिवाळीतच वाचून घ्या.